लाल ठिपक्याचं कार्ड

"चार वाजता सही करायला बोलावलंय," दुकानात शिरत मानसिंग सुभेदार म्हणाले.

नूरजहां शिकलगारनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. बाहेर पाचगणीच्या बाजारपेठेत जानेवारीचं कोवळं ऊन पसरलं होतं, पण फोटोच्या दुकानात अजून स्वेटरशिवाय बसवत नव्हतं.

"बसा आधी. कसली सही?"

"नातीचा दाखला काढायची. पेपर चोरला म्हणत्यात तिनं." म्हातारा बसला नाही. काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेला नि परत आला. "ताई, आवं आमची शिवांजली पेपर चोरंल व्हय?"

शिवांजली लाड. नूरजहांला पोरगी आठवली. पलूसची. आजोबा फौजेतले निवृत्त सुभेदार, बापही फौजेत, सध्या तवांगला. वरच्या रस्त्यावरच्या मुलींच्या निवासी शाळेत दहावीला. त्या शाळेत मोबाइलला बंदी. साधा कॅमेरा मात्र चालतो. बापानं जम्मूच्या पोस्टिंगला असताना, वीसेक वर्षांपूर्वी, खिशात मावेल असा एक डिजिटल कॅमेरा घेतला होता. तोच त्यानं पोरीला दिला होता.

गेल्या जूनमध्ये आजोबा-नात त्या कॅमेऱ्यासाठी कार्ड घ्यायला आले होते. अर्धा तास मोडला होता त्या कार्डापायी. नूरजहांनं मांडलेली नवी कार्डं एकेक करून बाजूला सारावी लागली. शेवटी तिच्या नवऱ्याच्या, हाफिजच्या, जुन्या खणात हात घालून तिनं एक दोन जीबीचं कार्ड शोधून काढलं होतं. हाफिज जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याचा खण तिनं अजून आवरला नव्हता.

"काय झालं ते पहिल्यापासनं सांगा."

सुभेदारांनी शाळेच्या फाटकावर मिळालेला, घडी केलेला कागद खिशातून काढला. वसतिगृहाच्या रेक्टर प्रियदर्शनी जगदाळे यांचा अहवाल होता तो.

'सोमवारी सकाळी गणिताच्या पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे सील फाटल्याचे आढळले. त्याच दिवशी सायंकाळी मी मुलींच्या कपाटांची तपासणी केली. कु. शिवांजली लाड हिच्या कपाटात कॅमेरा मिळाला. तो सुरू करून पाहिला असता पडद्यावर प्रश्नपत्रिकेची तीन पाने दिसली. कॅमेरा तत्काळ पाकिटात घालून पाकीट बंद केले.'

नूरजहांनं कागद दोनदा वाचला. मग उगाचच काउंटरवरच्या लेन्सा सरळ रेषेत लावल्या. तिला एका जागी उभं राहवेना.

"पोरगी काय म्हणती?"

"फोनवर नुसती रडली. आजोबा, मी न्हाई, येवढंच. पहाटेची एसटी धरली मी. कराड, सातारा, वाई करत आलो. तिच्या बापाला अजून कळीवलं न्हाई. काय कळवू?"

शाळेचे वर्गाचे फोटो, स्नेहसंमेलन, निरोपसमारंभ, सगळं काम नूरजहांकडे होतं. वर्षाचं निम्मं पोट त्या शाळेवर चालायचं. तिथं जाऊन प्रश्न विचारायचे म्हणजे त्या कामावर पाणी सोडायची तयारी हवी. ती क्षणभर दारातल्या उन्हाकडे बघत राहिली. मग तिनं दुरुस्तीच्या पेटीतली दोन-तीन चिल्लर हत्यारं पिशवीत टाकली आणि शटर ओढलं.

"चला. चढ हाय, सावकाश या."

सावकाश मात्र तीच चालेना.

*

प्राचार्या अंजना भोईटे खिडकीशी उभ्या होत्या. नूरजहांला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फोटोंचं काम मार्चमध्ये आहे, नूरजहांबाई."

"फोटोंसाठी न्हाई आले, मॅडम. या पोरीला कार्ड मी निवडून दिलं होतं. एकदा बघू द्या, येवढंच."

प्राचार्यांनी सुभेदारांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि टेबलावरचं पाकीट पुढं सरकवलं. आत तो लहानसा चंदेरी कॅमेरा होता. कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

नूरजहांनं कार्ड उलटं केलं. कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

दुसऱ्याचं फुटकं कार्ड आपल्या गळ्यात पडू नये म्हणून विकलेल्या प्रत्येक कार्डावर ती ठिपका द्यायची. हे कार्ड सोळा जीबीचं होतं, पण विकलेलं तिनंच.

"हे तुमच्याच दुकानातलं ना?" शेजारी उभे असलेले संगणकाचे धैर्यशील सर म्हणाले. "ठिपका ओळखतो मी."

"माझंच आहे."

"मग प्रश्नच मिटला," प्राचार्या म्हणाल्या.

नूरजहांनं सुभेदारांकडे बघायचं टाळलं.

"सर, कॅमेऱ्यातनं हे कार्ड कुणी काढलं?"

"मी. आज सकाळी आठ वाजता, मॅडमांसमोर. पाकीट बंदच होतं. कार्ड काढलं, लॅबच्या संगणकाला लावलं. तीन फोटो होते."

"दुसरं काही?"

"काहीच नाही. तेवढे तीनच."

"कॅमेरा चालू करून बघितला का तुम्ही?"

"कशाला? फोटो संगणकावर दिसले की."

"सर, माझ्या दुकानातनं अशी कार्डं तुम्हीही नेली होती. दिवाळीनंतर."

धैर्यशील सर जरा गडबडले. "चार नेली होती. शाळेसाठी. तीन लॅबमध्ये आहेत."

"आणि चौथं?"

"वसतिगृहाच्या कॅमेऱ्यात. वाढदिवस, सहली, असे फोटो काढायला. पण ही कार्डं काय, कुणीही विकत घेऊ शकतं."

"खरं आहे," नूरजहां म्हणाली. "मला ते फोटो दाखवता?"

प्राचार्यांनी मानेनंच होकार दिला. पेपर आता बाद झालाच होता, गुरुवारसाठी नवा निघणार होता. पडद्यावर तीन पानं उघडली. गणिताच्या सरांनी प्रश्न स्वतः रचले होते. दुसऱ्या पानावर एक गणित होतं. सांगलीच्या बाजारात हळदीचा शंकूच्या आकाराचा ढीग, त्याचं घनफळ काढा.

"पेपर कुठं ठेवले होते?"

"याच कपाटात. किल्ली एक माझ्याकडे, एक रेक्टरांकडे. त्यांची किल्ली या टेबलाच्या खणात असते." प्राचार्यांनी खण दाखवला. "रविवारी मुली घरी फोन करायला इथं येतात. शिवांजली दहा मिनिटं एकटीच होती. रेक्टरांना मध्येच स्वयंपाकघरात जावं लागलं. त्यांनीच हे सांगितलं."

*

शिवांजली आली ती भिंतीच्या कडेनं. रात्रभर झोपली नव्हती, ते डोळ्यांवरून दिसत होतं.

"रविवारी ऑफिसात काय केलंस?" नूरजहांनं विचारलं.

"पप्पांशी बोलले. मग फोन कट झाला. परत लागेल म्हणून बसून राहिले."

"खण उघडलास?"

"नाही."

"कॅमेरा शेवटचा कधी चालू केलास?"

"शनिवारी. टेबललँडवर. राणीचे दोन फोटो काढले."

"कार्ड बदललंस कधी?"

"नाही. जूनमध्ये तुम्ही दिलेलंच होतं. त्यात आमच्या खिलारी जोडीचे फोटो आहेत, पप्पांचे आहेत. टेबलावरचं हे ते नाही. ते कुठं गेलं, काकी?"

"तुझ्या कपाटाला कुलूप असतं?"

"कपाटांना कुलपं लावू देत नाहीत."

राणी ही शिवांजलीच्या शेजारच्या पलंगावरची मुलगी. रेक्टरबाईंची लेक. ती आली, आणि येताच तिनं शिवांजलीकडे बघून मान खाली घातली. नूरजहांच्या मनात पाल चुकचुकली.

"राणी, शिवांजलीनं तुला पेपर दाखवला?"

"नाही."

"तिच्या कॅमेऱ्याला तू हात लावतेस?"

"कधीकधी. फोटो काढायला. पण कालपरवा नाही."

"गणितात कशी आहेस?"

मुलगी लाजली. "कच्चीच आहे. आई गणितं काढून देते ना वहीत. रविवारी रात्री वीस दिली. मी नि शिवांजली बसलो होतो सोडवायला. हळदीच्या ढिगाचं तर तिलाही सुटलं नाही."

"व्हय, उंची कुठं दिली होती त्यात?" शिवांजली पटकन म्हणाली, आणि आपण कुठं उभे आहोत हे आठवून गप्प झाली.

प्राचार्या कागद चाळत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. नूरजहांनं पदर सावरला आणि मुलींना बाहेर बसायला सांगितलं. घड्याळात दोन वाजून गेले होते. जे दिसत होतं ते बोलायला सोपं नव्हतं. बोलून ते खोटं निघालं असतं, तर शाळेचं दार तिला कायमचं बंद झालं असतं.

"रेक्टरबाईंना बोलावता?"

*

प्रियदर्शनी जगदाळे पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या बाई होत्या. हातात हजेरीचं पुस्तक. नूरजहांशी त्यांचं बोलणं नेहमी गोड असायचं.

"बाई, तुमचं यात काय काम निघालं?"

"माझ्या दुकानातलं कार्ड आहे ना, म्हणून. थोडंच विचारते. कॅमेरा तुम्हीच चालू केला?"

"हो. मीच."

"आणि पेपर तुम्ही स्वतः बघितला, त्याच पडद्यावर?"

"मग? तीन पानं. पुढचं बटण दाबत गेले. अहवालात लिहिलंय सगळं."

"तवा खोलीत कोण होतं?"

"मुली प्रार्थनेला गेल्या होत्या. मी एकटीच तपासणी करत होते."

"नंतर कार्ड बाहेर काढलं का?"

"मला त्यातलं काही कळत नाही, बाई. कॅमेरा बंद केला, पाकिटात घातला, चिकटवलं, वर सही केली. रात्रभर पाकीट इथं मॅडमांच्या कपाटात होतं."

"म्हणजे पडद्यावर पेपर दिसला, त्यानंतर सकाळी सरांनी कार्ड काढेपर्यंत कुणीच हात लावला नाही."

"कुणीच नाही."

नूरजहांनं चंदेरी कॅमेरा उचलला. तळाशी लहानसं झाकण होतं, ते सरकवलं, लाल ठिपक्याचं कार्ड खाचेत बसवलं. टक् असा आवाज झाला. मग तिनं कॅमेरा रेक्टरबाईंपुढं धरला.

"एकदा परत दाखवता? काल केलं तसंच."

बाईंनी बटण दाबलं. लेन्स पुढं आली. पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत दोनच शब्द उमटले. कार्ड एरर.

त्यांनी बंद करून पुन्हा चालू केला. तेच.

"बिघडलाय," त्या म्हणाल्या. "सकाळी यांनी काढताना बिघडला असेल."

"सर, ते कार्ड काढा." नूरजहांनं पिशवीतून दुसरं एक जुनाट कार्ड काढलं. "हे एक जीबीचं. दुरुस्ती तपासायला ठेवते मी. हे बसवा."

धैर्यशील सरांनी बसवलं. पडद्यावर लगेच टेबल दिसलं, टेबलावरचा सुभेदारांचा हात दिसला. सरांनी फोटो काढला. फोटो निघाला, पडद्यावर परत दिसलाही.

"कॅमेरा बरा आहे," सर सावकाश म्हणाले.

प्राचार्या खुर्चीवरून उठल्या. "मला समजेल असं सांगा, नूरजहांबाई."

*

"कार्ड निवडताना माणसं दुकानात एकच चूक करतात," नूरजहां म्हणाली. "सगळी कार्डं दिसायला सारखी. तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी, खाचही तीच. म्हणून वाटतं, बसलं की चाललं. तसं नसतं. हा कॅमेरा निघाला तवा मोठी कार्डं निघालीच नव्हती. हा दोन जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतो. त्याच्या पुढची कार्डं वेगळ्या जातीची. ती आत बसतात, पण याला वाचता येत नाहीत. त्यावर फोटो काढता येत नाही, असलेला दाखवता येत नाही. जूनमध्ये सुभेदारांसमोर मी तीन नवी कार्डं लावून बघितली होती. तिन्हीला हाच एरर."

"व्हय," सुभेदार म्हणाले. "म्हणून तर ते जुनं शोधलं तुमी."

"म्हणजे पहिली गोष्ट ही की, शिवांजलीनं या कॅमेऱ्यानं पेपरचे फोटो काढलेच नाहीत. काढताच आले नसते. फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढले आणि कार्ड मागनं यात सरकवलं."

"पण ते कुणीही सरकवू शकतं," प्राचार्या म्हणाल्या. "कपाटांना कुलपं नाहीत."

"मलाही आधी तेच वाटलं. सरांनी कार्डं नेलेली, म्हणून थोडा वेळ सरांवरही शंका घेतली. राणीवरही घेतली." पुढचं बोलताना नूरजहांचा आवाज खाली आला. "पण कुणी दुसऱ्यानं कार्ड ठेवलं असतं, तर तपासणीला आलेल्या माणसाला काय दिसलं असतं? कार्ड एरर. त्यानं कॅमेरा बिघडलाय म्हणून परत कपाटात ठेवला असता. पेपरची तीन पानं या पडद्यावर जगात कुणालाही दिसली नसती. बाईंना म्हणे दिसली. दिसली नव्हती तरी तीन आहेत हे त्यांना ठाऊक होतं. ते फक्त फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक असणार."

रेक्टरबाईंनी हजेरीचं पुस्तक छातीशी धरलं होतं.

"हे सगळं अंदाजाचं आहे," त्या म्हणाल्या.

"वसतिगृहाचा कॅमेरा मागवा, मॅडम. त्यात कार्ड आहे का बघा. आणि सर, फोटोच्या फाइलीत कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ते लिहिलेलं असतं. तुम्ही बघितलं नाही."

"शंकाच आली नाही," सर म्हणाले. ते संगणकाकडे वळले, दोनदा बटण दाबलं. "वसतिगृहाचाच कॅमेरा. रविवार, रात्री आठ वाजून दहा मिनिटं."

"रविवारी रात्री राणीला गणितं मिळाली. वहीत, आईच्या अक्षरात. त्यात हळदीच्या ढिगाचं एक होतं. पडद्यावर दुसऱ्या पानावर तेच आहे. उतरवताना उंची राहून गेली, म्हणून पोरींना सुटलं नाही."

आता प्राचार्यांनी पडद्यावरचं पान नीट वाचलं. मग त्या प्रियदर्शनीबाईंकडे वळल्या, पण त्यांनी काही विचारायच्या आधीच बाई खाली बसल्या.

"अकरावीची फी माफ होते ती पूर्वपरीक्षेत सत्तर टक्के पडले तर," त्या म्हणाल्या. त्या नूरजहांशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. "राणीला पन्नास पडत नाहीत गणितात. मी फक्त उतरवून देणार होते. कुणाला काही कळलं नसतं. पण सील नीट चिकटेना, आणि सोमवारी गणिताच्या सरांच्या लक्षात आलं. किल्ली दोघींकडेच. रात्रीपर्यंत माझ्यावर आलं असतं."

"म्हणून पोरीवर घातलं," सुभेदार म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिचा बाप बर्फात उभा हाय, बाई."

"वर्गात कॅमेरा तिच्याकडेच होता. वसतिगृहाच्या कार्डावरचे बाकीचे फोटो पुसले आणि ते तिच्या कॅमेऱ्यात घातलं." बाईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक लहान कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे तिचं. रात्री दरीत टाकून द्यायला गेले होते. आधी संगणकावर लावून बघितलं, काय आहे त्यात. बैल होते. गणवेशातला तिचा बाप होता. मग टाकवेना."

प्राचार्यांनी ते कार्ड उचललं आणि सुभेदारांच्या हातात दिलं. नंतर त्यांनी टेबलावरचा दाखल्याचा अर्ज घेतला, उभा आडवा फाडला.

"प्रियदर्शनी, तुम्ही इथंच थांबा. संचालकांना फोन करते. सर, तुम्हीही."

*

बाहेर बाकावर दोघी मुली बसल्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दार उघडं राहिलं होतं. त्यांनी किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती. राणीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला माहीत नव्हतं," ती नूरजहांला म्हणाली. "सरावाची आहेत म्हणाली आई."

"ठाऊक हाय मला."

"आम्हाला आता जावं लागेल ना?"

नूरजहां एका पोरीला सोडवायला आली होती. त्यात दुसरीचं घर उघडं पडलं. तिला वाटलं होतं, गुंता सुटला की जीव थाऱ्यावर येईल. तसं काही झालं नाही. ती नुसतीच कठड्याला धरून उभी राहिली.

सुभेदारांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "चल पोरी. सामान घे. या शाळेत आता ऱ्हायचं न्हाई. पलूसला चल, तिथं दे परीक्षा."

शिवांजली उठली. कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, मुठीत धरलं. आजोबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बंद होत असलेल्या ऑफिसच्या दाराकडे.

"मी काही केलं नाही ना?"

"न्हाई गं माझी बाय."

"मग मी कशाला जाऊ?"

म्हातारा बाजूला सरला. तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "पप्पांना सांगा, रविवारी फोन करते."

ती जायला वळली. दोन पावलं गेली. राणी बाकावर तशीच बसलेली होती, गुडघ्यांवर हात, नजर फरशीवर. शिवांजली थांबली. तिच्या मनात काय चाललंय ते नूरजहांला दिसत होतं. रागही होता तिथं, अजून बराच होता. बऱ्याच वेळानं ती परत फिरली.

"परवा पेपर आहे," ती राणीला म्हणाली. "नवा निघणार आहे. पुस्तक घेऊन ये."

राणी लगेच उठली नाही. शिवांजली जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, आणि राणी उठेपर्यंत वर गेली नाही.